आन्यांगमधील हाडे: अन्नाची कोणती आणि बळीची कोणती, हे कसे ओळखावे

चीनमधील शांग राजवंशाची शेवटची राजधानी यिनशू आजच्या हेनान प्रांतातील आन्यांग शहराजवळ होती. तेथे १९२८ पासून उत्खनन होत आले असून इ.स.पू. सुमारे १२५० ते १०४६ या काळातील गुरे, डुकरे, मेंढ्या, कुत्री आणि घोडे यांची हाडे मोठ्या प्रमाणावर मिळाली आहेत. त्यांतील एखादे हाड जेवणातले की बळीचे, हे ठरवताना प्राण्याच्या जातीपासून सुरुवात करू नये. आधी ते कोठे आणि कसे पडले होते, हे उत्खननाच्या अहवालात पाहावे.

वस्तीतील कचऱ्याच्या खड्ड्यात विखुरलेली, आतली मज्जा काढण्यासाठी फोडलेली आणि सुरीच्या खुणा असलेली हाडे मिळाली, तर ती बहुधा खाण्यातली असतात. याउलट सांधे जुळलेला अखंड सांगाडा असेल, तर तो प्राणी कापून खाल्लेला नाही. मृताच्या कमरेखाली खणलेल्या छोट्या खड्ड्यातील कुत्रा किंवा रथासोबत पुरलेले घोडे ही याची ठळक उदाहरणे होत.

खरी अडचण या दोहोंच्या मधल्या हाडांची आहे. थडग्यात भांड्यांजवळ गुराचा किंवा मेंढीचा एखादाच पाय ठेवलेला असतो. तो मृताला दिलेला नैवेद्यही आहे आणि मांसाचा वाटाही. कौल लावण्याच्या हाडांवर कोरलेल्या लेखांत पूर्वजांना अर्पण करायच्या गुरांचे आकडे येतात, काही ठिकाणी ते शेकड्यांत आहेत. पण तेवढे सगळे मांस जाळले किंवा पुरले गेले, असे गृहीत धरू नये. शिवाय गुराचे फऱ्याचे, म्हणजे खांद्याचे, हाड कौलासाठी वापरत: त्याला मागून खोलगे कोरून धग देत आणि पडलेल्या तड्यांवरून उत्तर वाचत. यिनशूतील तिएसानलू येथील हाडांच्या वस्तू बनवण्याच्या कारखान्यात तर टनावारी हाडे मिळाली असून त्यांत गुरांची सर्वाधिक आहेत. त्यांपासून मुख्यतः केसांत खोवायच्या काड्या बनवत. त्यामुळे करवतीची खूण दिसली, तर तिला खाटकाच्या सुरीची खूण समजू नये.

शेवटी मोजणी करावी, मात्र तुकड्यांच्या संख्येवरून मांसाचा अंदाज बांधू नये, कारण एका बैलाचे मांस अनेक डुकरांच्या मांसाइतके भरते. कारखान्यातील हाडांची मोजणी वस्तीतील हाडांपासून वेगळी ठेवावी. अन्यथा सारे शहर केवळ गोमांसावर जगत होते, असा चुकीचा निष्कर्ष निघेल.