चिमट्याचा किडा: आधी ओल शोधा, मग किडा

मिरगाचा पाऊस स्थिरावला की बेळगाव-खानापूरकडच्या घरांत न्हाणीच्या दगडाखाली, कुंडीच्या बुडाशी किंवा बंबाच्या सरपणात एक चपटा, तपकिरी-काळा किडा दिसायला लागतो. लांबी एक ते अडीच सेंटिमीटर, सहा पाय आणि शेपटीला दोन आकड्यांचा चिमटा. इंग्रजीत त्याला इअरविग म्हणतात. चिमटा वाकडा असेल तर बहुधा नर, सरळ असेल तर मादी.

मारायला चप्पल उचलण्याआधी किडा नीट पाहा, कारण दोन वेगळेच जीव याच्या नावावर खपतात. पहिली घोण. तिला पायांच्या कितीतरी जोड्या असतात आणि तिचा दंश विषारी असतो. दुसरा त्याहून फसवा: ट्यूबलाइटभोवती येणारा, जेमतेम एक सेंटिमीटरचा, नारिंगी-काळ्या पट्ट्यांचा पेडेरस भुंगा. त्याला चिमटा नसतो. तो अंगावर चिरडला तर त्यातल्या द्रवाने कातडी भाजल्यासारखी होते आणि फोड येतात. तो अंगावर बसला तर फुंकर मारून उडवा, हाताने चोळू नका. चुकून चिरडलाच तर ती जागा लगेच साबणाने धुवा. इअरविगकडे विष नसतं. बोटात धरला तर चिमटा काढेल, एवढंच.

कानात शिरून मेंदू पोखरतो ही समजूत इंग्रजी नावातच बसलेली आहे, पण तिला आधार नाही. कानात कुठलाही किडा गेला तर काडी-पिन घालू नका, डॉक्टरकडे जा.

हा किडा रात्री फिरतो आणि दिवसा ओल्या फटीत अंग चोरून बसतो. कुजका पाला, मावा, बारीक अळ्या हे त्याचं खाणं, म्हणजे बागेत तो थोडा कामाचाही आहे. मादी ओल्या मातीत किंवा दगडाखाली अंडी घालते आणि बुरशी धरू नये म्हणून ती चाटत राखण बसते. किड्यांत असं आईपण क्वचितच दिसतं. आपल्या दृष्टीने महत्त्वाचं हे की त्याची वीण मातीत होते, म्हणून भिंतीवर फवारा मारून काही साधत नाही. कोरड्या फरशीवर तो फार दिवस टिकतही नाही. घरात रोज दिसत असेल तर जवळपास कुठेतरी ओल आहे.

चिऱ्याच्या भिंती पाणी धरून ठेवतात. त्यात कौलांच्या पागोळ्या जोत्यालगत पडत असतील तर तिथली माती सप्टेंबरपर्यंत वाळत नाही. पन्हळ बसवा, किंवा निदान जोत्याला लागून हातभर रुंद पट्ट्यातला पाला-गवत काढून 5 सेंटिमीटर जाडीची खडी पसरा. खडीखाली उतार बाहेरच्या बाजूला हवा. उलटा झाला तर पाणी भिंतीशीच मुरेल आणि खडी घालून नुकसानच होईल. सरपण, गोवऱ्या, जुनी कौलं, विटा भिंतीपासून दूर आणि जमिनीपासून वीतभर उंच रचा. बंबासाठी लागेल तेवढंच लाकूड आत आणा आणि आणण्याआधी आपटून घ्या. कुंड्यांना पाणी सकाळी घाला. संध्याकाळी घातलं तर रात्रभराची ओल आयतीच मिळते.

मग फटी. दाराखालून उजेड दिसत असेल तर तिथून किडाही येतो. तिथे रबरी पट्टी लावा. न्हाणीच्या मोरीला बारीक जाळी बसवा, पाइपभोवतीची भोकं सिमेंटने बुजवा. हे काम कोरड्या दिवशी करा, पाणी गळत असलेल्या चिऱ्यावर सिमेंट धरत नाही. दारावरचा पांढरा दिवा बदलून पिवळा लावला की रात्रीची गर्दी कमी होते.

तरीही उरलेल्यांसाठी सापळा. रद्दी पेपरची तीन-चार पानं सैल गुंडाळा, दोऱ्याने बांधा, पाण्यात बुडवून पिळा आणि तिन्हीसांजेला कुंड्यांजवळ ठेवा. उजाडताच साबणाच्या पाण्याच्या बादलीत झटका. उन्हं वर आली की ते निसटतात. गुंडाळी घट्ट झाली तर आत शिरायला जागाच राहत नाही, हीच चूक बहुतेकांची होते. दुसरा उपाय म्हणजे आइस्क्रीमचा छोटा डबा काठापर्यंत मातीत पुरून त्यात 1 सेंटिमीटर खाद्यतेल ओतणं. पावसात तो पाण्याने भरतो, म्हणून वर कौलाचा तुकडा तिरका टेकवा. आठवडाभर रोज मोजा. आकडा कमी होत नसेल तर ओलीची जागा अजून हाती लागलेली नाही.

झेंडू-काकडीची कोवळी रोपं कुरतडलेली दिसली की लगेच याच्यावर आळ घेऊ नका. रात्री नऊ-दहाला बॅटरी घेऊन बघा. चकचकीत चिकट माग असेल तर चोर गोगलगाय आहे.

शेंगा पिकवणाऱ्यांनी मात्र याला हलक्यात घेऊ नये. काही जाती भुईमुगाच्या कोवळ्या शेंगा पोखरतात आणि भोक विष्ठा-वाळूने बुजवतात. काढणीनंतर अशा शेंगा निवडून बाजूला काढा आणि बाकीच्या कडक वाळवूनच पोत्यात भरा. अर्धवट ओल्या पोत्याबरोबर किडा थेट माजघरात पोचतो.