वाइन फ्रिजचा ह्युमिडॉर करताय? आपल्या हवेत या चुका टाळा

जुलै महिना, ठाण्यातलं घर, सकाळी चहा घेता घेता सहज वाइन फ्रिजचं दार उघडलं आणि बघतो तर तळाला पेरभर पाणी. त्यात सिगारच्या पेटीचा तळ भिजून फुगलेला, पेटीवरचा कागद सुटून लोंबतोय आणि आतल्या पाच-सहा सिगारवर पांढरी लव, शिळ्या ब्रेडवर येते अगदी तशी. आणि दारावर चिकटवलेला हायग्रोमीटर, म्हणजे हवेतली आर्द्रता मोजायचं यंत्र, शांतपणे ६८ टक्के दाखवतोय, म्हणजे त्याच्या मते सगळं आलबेल.

हा माझा पहिला वायनाडोर, म्हणजे वाइन फ्रिजचा केलेला ह्युमिडॉर, सिगार ठराविक ओलाव्यात ठेवायची पेटी. मित्र घर बदलत होता, त्याच्याकडून २८ बाटल्यांचा वाइन फ्रिज स्वस्तात मिळाला, दोन रात्री बसून व्हिडिओ बघितले आणि तिसऱ्या दिवशी कामाला लागलो. व्हिडिओ चुकीचे होते असं नाही. ते सगळे अमेरिकेतले होते एवढंच. तिकडे थंडीत घरोघरी हीटर चालू, घरातली हवा पापडासारखी कोरडी, त्यामुळे त्यांचा सगळा खटाटोप सिगारला ओलावा द्यायचा कसा याचा. आपल्याकडे कोकणपट्टीत प्रश्न बरोब्बर उलटा, ओलावा बाहेर कसा ठेवायचा, आणि तेच डोक्यात न घेता मी त्यांच्यासारखं सगळं केलं.

थोडं गणित सांगतो, कंटाळा करू नका कारण निम्म्या चुका इथेच आहेत. सिगारला हवं असतं साधारण १८ ते २० अंश तापमान आणि ६५ ते ७० टक्के आर्द्रता. आता ३० अंशाची, ५० टक्के आर्द्रतेची हवा घ्या, जी ठाण्यात तशी कोरडीच म्हणायची, ती १८ अंशापर्यंत थंड केली की थेट १०० टक्क्यांवर जाते आणि वरचं पाणी सांडते. थंड ताकाच्या पेल्याला बाहेरून घाम फुटतो ना, तेच. म्हणजे पावसाळ्यात तुम्ही जितक्या वेळा दार उघडाल तितक्या वेळा आत पाणी नेऊन ठेवताय. पाव्हण्यांना दाखवायला दिवसातून चारदा दार उघडणं ही पण चूकच, आणि ती मी भरपूर केलीये.

पाणी तळाला का साठलं? तर वाइन फ्रिजच्या मागे खाली एक बारीक भोक असतं, पाणी निथळायला. सगळे व्हिडिओवाले सांगतात ते बंद करा, नाहीतर तुमचा मौल्यवान ओलावा निघून जाईल. मी केलं, तेही एम-सीलने, कायमचं. मग आतल्या थंड पट्टीवर जमणारं पाणी जाणार कुठे? नंतर छिन्नी घेऊन तासभर खरवडत बसलो. भोक बंद करायचंच असेल तर काढता येईल असं रबरी बूच लावा, आणि समुद्राजवळ राहत असाल तर खरं म्हणजे बंदच करू नका, मागच्या नळीला बेसिनखालच्या पाइपासारखा बाक द्या आणि त्यात चमचाभर पाणी राहू द्या. पाणी बाहेर जातं, बाहेरची हवा आत येत नाही. नागपूरसारख्या ठिकाणी उन्हाळ्यात मात्र बूचच बरं.

आता हायग्रोमीटर. तो विकत घेऊन तसाच लावणं ही सगळ्यात महाग पडणारी चूक, कारण त्याच्यावर विश्वास ठेवून बाकीचं सगळं करता तुम्ही. तपासायची पद्धत घरगुती आहे. बिसलेरीच्या बाटलीचं झाकण घ्या, त्यात स्वयंपाकघरातलं मीठ भरा, थेंब थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा, मीठ विरघळून खारं पाणी झालं तर जास्त झालं, थोडं मीठ अजून टाका. हे झाकण आणि हायग्रोमीटर एका झिपलॉक पिशवीत हवाबंद करा आणि रात्रभर, जमलं तर २४ तास, हात न लावता ठेवा. ओलं मीठ बंद जागेत आर्द्रता ७५ टक्क्यांवर आणून ठेवतं. माझ्यावाल्याने दाखवले ६६. म्हणजे ९ चा घोटाळा, फ्रिजमध्ये ६८ वाचत होतो तेव्हा खरे ७७ होते, लव येणारच. पितळी काट्यावाले तर दिसायला फार भारी पण फक्त दिसायलाच. दोन साधे डिजिटल घ्या, दोन्हीची मिठाची परीक्षा घ्या, फरक किती तो मागे पट्टी चिकटवून लिहा आणि एक वरच्या कप्प्यात, एक खाली ठेवा. वर-खाली आकड्यात पाच-सातचा फरक दिसला तर दचकू नका, थंड हवा खाली बसते. त्यासाठी कॉम्प्युटरचा छोटा पंखा आत ठेवून अधूनमधून चालवायचा. अधूनमधून म्हणतोय हां, सिगारच्या तोंडावर चोवीस तास वारा सोडलात तर एका बाजूने सुकतील.

फ्रिज कुठला घ्यावा यावर लोक फार भांडतात. पेल्टियरवाला, म्हणजे ज्यात कॉम्प्रेसर नसतो, तो हळूहळू थंड करतो, आवाज नाही, हवा फार सुकवत नाही, म्हणून सगळे त्याचीच शिफारस करतात. पण तो खोलीपेक्षा साधारण १० ते १५ अंशच खाली जाऊ शकतो हे कोणी ठळक सांगत नाही. माझा मेहुणा नागपूरला, त्याने माझं बघून हौसेने घेतला आणि मे महिन्यात फोन, "भाऊजी, हे तर थंडच नाही होऊन राहिलं ना!" कसं होणार, खोलीच ३६ अंशांवर, आत जेमतेम २४, आणि पेल्टियर बिचारा दिवसरात्र एकसारखा चालू. त्यात त्याने फ्रिज भिंतीला चिकटवून ठेवलेला. मागे वीतभर जागा सोडा, गरम हवा तिथूनच बाहेर पडते, आणि मागच्या पंख्यावरची धूळ दर महिन्याला पुसा. एवढं करूनही खोलीत एसी नसेल तर विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पेल्टियरच्या नादी लागू नका, कॉम्प्रेसरवालाच घ्या.

कॉम्प्रेसरचा त्रास वेगळा. तो सुरू झाला की आतली पट्टी एकदम गार पडते, हवेतला ओलावा तिच्यावर पाणी होऊन निथळतो आणि आत कोरडं पडतं. बंद झाला की पट्टीवरचं पाणी परत हवेत. आर्द्रतेचा नुसता झोपाळा. (आत १८ अंश आणि ६५ टक्के असताना साधारण ११ अंशाच्या खाली असलेल्या कुठल्याही गोष्टीवर पाणी धरतं, आणि कॉम्प्रेसरची पट्टी त्याच्या बरीच खाली जाते.) यावर उपाय म्हणून लोक बाहेरून थर्मोस्टॅट लावतात, एसटीसी-१००० नावाचं स्वस्त यंत्र मिळतं, त्याने फ्रिजचा वीजपुरवठाच चालू-बंद होतो. वायरिंग स्वतःला येत नसेल तर इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या, २३० व्होल्ट आहेत ते, आणि कॉम्प्रेसर बंद झाल्यावर परत सुरू व्हायला निदान तीन मिनिटांचा अवधी ठेवा नाहीतर तो लवकर खलास होतो.

आणि इथे एक गंमत आहे जी मला दुसऱ्या फ्रिजच्या वेळी कळली. टच बटणांचे बरेच फ्रिज लाईट जाऊन आली की तुमचं सेटिंग विसरतात आणि कारखान्यातल्या आकड्यावर जातात. माझा १२ वर जायचा. मी १८ लावून ऑफिसला, दुपारी लाईट जाऊन यायची, संध्याकाळी घरी आलो की आत १२ अंश आणि आर्द्रता भलतीच चढलेली. दोन आठवडे मी शहाणा ओलाव्याची पाकिटं (आर्द्रता राखायला आत ठेवतात ती) बदलत होतो! तेव्हा फ्रिज घेतल्याघेतल्या प्लग काढून परत लावून बघा. विसरत असेल तर बाहेरचा थर्मोस्टॅट त्याला चालणारच नाही, गोल नॉबवाला जुना फ्रिज शोधा, नाहीतर छोटा यूपीएस लावा. पेल्टियर फार वीज खात नाही.

१८ अंशच का, अजून थंड का नको, हा प्रश्न येतोच. थंडाव्याची खरी गरज किड्यासाठी आहे. तंबाखूतला किडा म्हणजे दोन-तीन मिलीमीटरचा गोलसर तपकिरी, आणि तुम्ही तो बघितलाय, हळदीच्या, मिरचीच्या जुन्या डब्यात होतो तोच हा. त्याची अंडी पानात आधीपासून असू शकतात आणि २४-२५ अंशांच्या वर त्यांचं फावतं, १८ च्या आसपास वाढ जवळजवळ थांबते. बस, तेवढ्यासाठीच. सिगारवर टाचणीने टोचल्यासारखं भोक आणि खाली बारीक भुकटी दिसली की त्याच दिवशी सगळ्या सिगार झिपलॉकमध्ये, पिशवीवर पिशवी, एक दिवस साध्या फ्रिजात, मग तीन दिवस फ्रीझरमध्ये, परत एक दिवस फ्रिजात, मग पिशवी न उघडता बाहेर. घाई केली तर पान तडकतं. सिंगल डोअर फ्रिजचा बर्फाचा कप्पा यासाठी पुरेसा गार नसतो, उणे १८ लागतं. वायनाडोर स्वयंपाकघरात मसाल्याच्या कपाटाशेजारी ठेवू नका हे यातच आलं. आमच्या काकांनी किड्यांवर डांबराच्या गोळ्या सुचवल्या होत्या, प्रेमाने. नको. सिगार वास ओढून घेते, तुम्हाला ट्रंकेतल्या शालीचे झुरके घ्यायला लागतील.

वासावरून आठवलं, सेकंडहँड फ्रिज फिनेलने किंवा सुगंधी लिक्विडने पुसू नका. पांढरं व्हिनेगर पाण्यात घालून पुसा, मग खायचा सोडा वाटीत ठेवून चार-पाच दिवस, रोज दार उघडून हवा द्या. नाक आत घालून काहीच वास येत नाही अशी वेळ आली की मग लाकूड.

लाकडाचा किस्सा तर सांगितलाच पाहिजे. ह्युमिडॉरमध्ये स्पॅनिश सीडर वापरतात, मी मिस्त्रीला म्हटलं सीडर पाहिजे, तो म्हणाला, "साहेब, सीडर म्हणजे देवदार, उद्या आणतो." आणला, सुंदर फळ्या केल्या, घरभर घमघमाट, मी खूश. महिन्याभराने सिगार पेटवली तर उदबत्तीच्या दुकानात उभा राहिल्यासारखी चव. स्पॅनिश सीडर नावाला सीडर आहे, मुळात ते महोगनीच्या कुळातलं अमेरिका खंडातलं झाड. देवदार, पाइन यांच्या उग्र तेला-राळेचा वास सिगारमध्ये उतरतो. आपल्याकडे खरं स्पॅनिश सीडर फळीत मिळणं अवघड आणि महाग, म्हणून सोपा मार्ग, सिगारच्या रिकाम्या लाकडी पेट्या. दुकानात, मोठ्या बारमध्ये मागितल्या तर बऱ्याचदा देतात, खोलून त्यांच्या पट्ट्या तारेच्या कप्प्यांवर अंथरायच्या. पेटी कार्डबोर्डची नाही ना बघून घ्या. प्लायवूड, एमडीएफ, पॉलिश, वार्निश यातलं काहीही आत जाऊ देऊ नका.

नवीन लाकूड ओल्या फडक्याने पुसून "सीझन" करणं, म्हणजे त्याला आधीच ओलावा पाजणं, ही पण जुनी खोड. फळी वाकडी होते. कोरड्या गावात ८४ टक्क्यांचं पाकीट दोन आठवडे ठेवतात ते ठीक, पण ठाण्यात जुलैत? लाकूड आधीच चिंब आहे हो, उलट ते आठवडाभर एसीच्या खोलीत ठेवा.

आत ओलाव्यासाठी दोन्ही बाजूंनी काम करणारी, म्हणजे ओलावा जास्त झाला तर ओढणारी आणि कमी पडला तर सोडणारी पाकिटं सगळ्यात कमी कटकटीची, ६० ग्रॅमचं एक साधारण २५ सिगारना असा हिशोब. मी ६५ टक्क्यांची वापरतो, ६९ ची आपल्या पावसाळ्यात मला जास्त वाटतात. पाकीट हाताला कडक लागलं तर संपलं, पाण्याच्या पिशवीसारखं टम्म फुगलं तर त्याने जेवढं प्यायचं तेवढं प्यायलं. स्पंजवाली डबी असेल तर डिस्टिल्ड वॉटरच, नळाचं किंवा आरओचं नको. आणि फ्रिज ठासून भरू नका, मागच्या थंड पट्टीपासून चार बोटं जागा मोकळी, तिला टेकलेली सिगार भिजलीच म्हणून समजा.

आता काही बिघडलंच तर. सिगार सारखी विझतेय, ओढायला जड, पेटवल्यावर वरचं पान उकलतंय, म्हणजे ओली आहे, पाकिटं काढा, पाणी कुठे साठलंय बघा आणि तापमान एक-दोन अंशांनी वाढवा. बोटांत हलकेच दाबल्यावर कुरकुरली, भराभर जळतेय, जिभेला चटका, तर कोरडी, पण एकदम ओलाव्यात टाकू नका, आठवड्या-दोन आठवड्यांत हळूहळू चढवा. आकडा एकसारखा खालीवर होतोय तर आधी दाराचं रबर बघा, दारात कागदाची पट्टी धरून दार लावा, पट्टी सहज ओढून निघाली तर हवा तिथूनच जातेय. पांढरी लव पुसली जाते पण लवेखाली डाग राहिला किंवा सिगारच्या पायाकडून, म्हणजे पेटवायच्या टोकाकडून, आत गेली असेल तर फेकून द्या, मन घट्ट करून. मी त्या जुलैत सहा फेकल्या, त्यातल्या दोन लग्नाच्या वाढदिवसासाठी राखलेल्या होत्या, आणि बायकोने (जिला तंबाखू घरात आलेलीच आवडत नाही) कचऱ्याची पिशवी स्वतः खाली नेऊन दिली.

हल्ली डिसेंबर-जानेवारीत रात्री खिडकी उघडी ठेवून खोली २२-२३ वर राहिली की मी प्लगच काढून टाकतो. दार बंद, आत चार पाकिटं, आकडा ६५ वरून हलत नाही.