भिंत जुनी, फोटो मात्र शिळा: ठाण्याच्या गल्लीबोळांत फोटो काढताना या चुका टाळा

ठाण्यात कॅमेरा घेऊन निघालेला माणूस बहुधा तलावपाळीवर पोचतो, तिथल्या मासुंदा तलावात पडलेलं मावळतीचं ऊन टिपतो आणि वडापाव खाऊन घरी येतो. त्यात वाईट काही नाही. पण चेंदणी कोळीवाडा, महागिरी, खारकर आळी, वागळे इस्टेटच्या आतल्या गल्ल्या इथे पोपडे, गंज, शेवाळ आणि झिजलेले उंबरठे यांचा जो माल पडलाय, तो टिपायला गेलं की गडबड सुरू होते. डोळ्यांना दिसलेली भिंत फोटोत येतच नाही. माझ्या हार्ड डिस्कमध्ये असल्या फसलेल्या फोटोंचा ढीग आहे, त्यामुळे पुढचं सगळं स्वतःच्या खर्चाने शिकलेलं आहे.

सगळ्यात मोठी चूक कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये नसतेच. गंजलेली कडी दिसली की आपण कडीचा फोटो काढतो आणि ती का गंजली, हे फ्रेमच्या बाहेर ठेवून येतो. भिंतीवरून उतरलेला तपकिरी ओघळ टिपतो, पण तो वरच्या ज्या खिळ्यापासून किंवा पाइपच्या सांध्यापासून निघालाय, तो कापून टाकतो. गच्चीखाली उगवलेलं पिंपळाचं रोप घेतो. पक्ष्याच्या विष्ठेतून आलेलं बी तिथेच का रुजलं, तर शेजारचा पन्हाळ गळतोय म्हणून, आणि तो पन्हाळ मात्र फोटोत नसतो. काँक्रीटच्या खांबाला पडलेली उभी भेग नुसती भेग म्हणून दिसते. वास्तविक आतली सळई गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो आणि वरचं काँक्रीट फोडून बाहेर येतो. म्हणून ती भेग सळईच्या रेषेतच चालते. खाडीकडच्या खाऱ्या हवेत हे आणखी लवकर होतं. ओघळाचा उगम फ्रेममध्ये घ्या, फोटो निम्मा सुधारतो.

हे मला एका दाराने शिकवलं. कोळीवाड्यात एक जुनं, निळा रंग उडालेलं, दोन फळ्यांचं दार होतं. मी कोयंड्याचे दहा-बारा फोटो काढले आणि खूश होऊन निघाले. तेवढ्यात ओट्यावर बसलेल्या आजी म्हणाल्या, "पडकं घर समजून काढतेस काय गं? आम्ही राहतो इथं." मी ओशाळले. माफी मागितली आणि विचारलं, "आजी, काढू का मग?" त्या हसल्या आणि उंबऱ्याकडे बोट केलं. "हा बघ, एकाच बाजूनं खाल्लाय."

खरंच, लाकडी उंबरठा मधोमध नव्हे, उजवीकडे खोलगट झाला होता. डावी फळी कायम आतून अडसर लावून बंद. ती उघडते फक्त गणपती आत आणायचा असतो तेव्हा. बाकी वर्षभर घरातली सगळी पावलं उजव्या अर्ध्यातून. डाव्या फळीवर रंग शाबूत, उजवीवर हाताच्या उंचीला लाकूड तुकतुकीत. हे सगळं माझ्यासमोर होतं आणि माझ्या बारा फोटोंत त्यातलं काहीही नव्हतं. दोन पावलं मागे जाऊन, कॅमेरा कमरेच्या उंचीवर धरून पुन्हा काढला, तोच काय तो ठेवला.

तेव्हा पहिली गोष्ट, विचारा. "ताई, दाराचा फोटो काढू का?" एवढं पुरतं. आणि 'ओसाड', 'भकास' वगैरे शब्द तोंडातून काढू नका. तुमचा ओसाडपणा म्हणजे कुणाचं तरी वाळत घातलेलं सुकट असतं.

आता उजेड. 'दुपारी फोटो काढू नका' हा सल्ला सगळीकडे छापलेला असतो, आणि भिंतींच्या बाबतीत तो अर्धाच खरा आहे. पोपडे आणि खरबरीतपणा दिसायला ऊन भिंतीला घासून जावं लागतं. समोरून पडलेलं ऊन, मग ते सकाळचं कोवळं का असेना, भिंत सपाट करून टाकतं. पूर्वेकडची भिंत सकाळी आठला काढून 'टेक्श्चर आलंच नाही' म्हणणारे पुष्कळ भेटतात. ठाण्यात साधारण १५-१६ मेच्या आसपास भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, म्हणजे आपला शून्य सावलीचा दिवस. त्या दिवसांत साडेबारा वाजता ऊन कुठल्याही उभ्या भिंतीवरून वरून खाली सरपटत उतरतं आणि प्रत्येक पोपड्याची सावली पडते. त्यानंतर जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य किंचित उत्तरेला असतो, म्हणून एरवी अंधारात राहणाऱ्या उत्तरेच्या भिंतींना तेव्हाच भर दुपारी ऊन मिळतं. घामाने निथळाल, टोपी घाला, पण जा. डिसेंबरात हेच गणित उलटतं. दक्षिणेची भिंत दिवसभर उजळ आणि उत्तरेची कोरडी ठणठणीत सावलीत.

फोटो फिकट किंवा राखाडी येण्याचं कारण बहुतेक वेळा कॅमेऱ्यातलं उजेड मोजणारं मीटर असतं. कॅमेऱ्याला सगळं जग मध्यम राखाडी वाटतं. पावसाने काळवंडलेली भिंत पूर्ण फ्रेममध्ये भरली, की तो तिला उजळवतो आणि काळ्याची राख होते. एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, पाऊण स्टॉप (उजेडाचं माप) खाली घ्या. चुन्याच्या पांढऱ्या भिंतीला उलट, तेवढंच वर. रंगाचंही तसंच. सगळी फ्रेम निळ्या चुन्याची असेल तर रंग आपोआप जुळवणाऱ्या ऑटो व्हाइट बॅलन्सला वाटतं उजेडच निळा आहे, आणि तो बिचारा ती निळाई धुऊन टाकतो. फोनच्या प्रो मोडमध्ये व्हाइट बॅलन्स उन्हात ५२०० ते ५५०० केल्विन, सावलीत साडेसहा-सात हजार असं कायम ठेवा आणि विसरून जा.

फोनवाल्यांची आणखी एक खास तक्रार असते, 'जवळ गेलो की कडा पसरट आणि मऊ दिसतात.' बऱ्याच फोनमध्ये फार जवळ गेलं की कॅमेरा गुपचूप अल्ट्रावाइड, म्हणजे खूप रुंद दृश्य घेणाऱ्या, लेन्सवर उडी मारतो. ऑटो मॅक्रो बंद करा, हातभर मागे या आणि दुप्पट झूमवर काढा. स्वतःची सावलीही मग कडीवर पडत नाही. अरुंद बोळात शटर मंदावून फोटो हलतो, तेव्हा कोपर भिंतीला टेकवा आणि दोन सेकंदांचा टायमर लावा.

एडिटिंगमध्ये क्लॅरिटीचा, म्हणजे बारकावे ठळक करणारा, स्लायडर शेवटपर्यंत ओढू नका, भिंत खरजेसारखी दिसते. आणि जुनं आहे म्हणून ब्लॅक अँड व्हाइट हा तर निव्वळ आळस. गंजाचा नारिंगी काढला तर उरतं काय?

वागळे इस्टेटचं थोडं वेगळं आहे. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली आणि तिची पहिली औद्योगिक वसाहत इथेच उभी राहिली, त्यामुळे भिंतींवर रंगवलेल्या जुन्या कंपन्यांच्या पाट्या अजून कुठेकुठे सापडतात. त्या उन्हात शोधू नका. पाऊस पडून गेल्यावर भिंत ओली असताना पुसट अक्षरं उठून येतात. कुंपणाच्या आत शिरायचं नाही. वॉचमनकाकांना चहा पाजून बाहेरूनच काढा.

काही ठिकाणी तर कॅमेरा काढूच नका. मराठ्यांनी १७३७ मध्ये घेतलेल्या ठाण्याच्या किल्ल्याचा दगडी तट कितीही मोहवो, आत मध्यवर्ती कारागृह आहे. रुळांवर आणि रेल्वेच्या हद्दीत घुसणं हा गुन्हा आहे, मग १८५३ची पहिली गाडी इथवर आली म्हणून तुम्हाला कितीही भरून येवो. महापालिका पावसाळ्याआधी धोकादायक इमारतींची यादी काढते. त्यात 'सी-१' म्हणजे अतिधोकादायक, रिकाम्या करायच्या. तिथल्या सज्ज्याखाली उभं राहून वर लेन्स रोखणारे मी पाहिलेत. रस्त्याच्या पलीकडून काढा.

पावसाळ्यात एसी गाडीतून उतरून लगेच कॅमेरा काढला तर लेन्सवर धुकं धरतं. शर्टाच्या टोकाने पुसत बसण्यापेक्षा बॅग बंद ठेवून वीस-पंचवीस मिनिटं थांबा, तोवर गल्ली नुसती बघून घ्या. घरी आल्यावर डब्यात सिलिका जेलच्या पुड्या हव्यातच, नाहीतर आपल्या हवेत लेन्सला बुरशी लागते.

आणि फाइलला गल्लीचं नाव, तारीख त्याच रात्री लिहा. माझ्याकडे नौपाड्यातल्या एका लाकडी जिन्याच्या कठड्याचे चार सुंदर फोटो आहेत. कुठल्या इमारतीतला, ते लिहिलं नव्हतं. परवा शोधायला गेले, तर त्या रस्त्यावर तीन ठिकाणी पुनर्विकासाचे निळे पत्रे लागले होते.