साल्तिचिखावर लिहिताय? या चुका टाळा

दर्या साल्तिकोवावरचा लेख हातात आला की मी आधी चित्र बघतो. अठराव्या शतकातली ही रशियन जमीनदारीण, आपल्या भूदासांचा, म्हणजे जमिनीला बांधलेल्या गुलामासारख्या शेतकऱ्यांचा, छळ करून त्यांचे जीव घेणारी. लोक तिला साल्तिचिखा म्हणत. लेखात हमखास एका देखण्या, नटलेल्या तरुणीचं चित्र असतं आणि ती तरुणी साल्तिचिखा नसतेच.

काही वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकासाठी मी असाच लेख तपासला. मजकूर ओळ न् ओळ पडताळला, चित्र मात्र पाहिलंच नाही. अंक हातात पडल्यावर एका वाचकाचं पत्र आलं. चित्र द्रुए या फ्रेंच चित्रकाराचं, १७६२ सालचं, आज मॉस्कोच्या पुश्किन संग्रहालयात असलेलं. त्यातली बाईही सासरची साल्तिकोवाच, पण दर्या पेत्रोव्ना, माहेरची चेर्निशोवा. गुन्हेगार होती ती दर्या निकोलायेव्ना, माहेरची इवानोवा, ग्लेब साल्तिकोवची विधवा. चित्र रंगलं त्याच वर्षी दोन भूदासांनी हिच्याविरुद्ध सम्राज्ञी कॅथरीनकडे अर्ज नेला होता. एका निरपराध बाईला आम्ही खुनी म्हणून छापलं, त्याची बोच अजून गेलेली नाही.

आपल्याकडे लग्नानंतर बाईचं मधलं नाव बदलतं. रशियात वडिलांचं नाव मरेपर्यंत राहतं. म्हणून मी वहीत आधी वडिलांचं नाव, मग माहेरचं आडनाव लिहितो आणि मगच पुढे वाचतो. साल्तिचिखाचं खरं म्हणता येईल असं एकही चित्र माहीत नाही. चित्राविना लेख ओकाबोका दिसतो म्हणणाऱ्यांनी दुसरा विषय घ्यावा.

दुसरी चूक आकड्यांची. ‘१३८ खून’ हा मथळा फार खपतो. हा आकडा तपासातल्या यादीचा आहे. त्यातल्या ५० जणांच्या नावापुढे आजाराने मृत्यू अशी नोंद होती, ७२ बेपत्ता होते, १६ जण नवऱ्याकडे गेले किंवा पळाले असं सांगितलं होतं. सिद्ध झाले ३८ मृत्यू, आणखी २६ जणांबाबत संशय कायम राहिला. याचा अर्थ बाकीचे सुखरूप होते असा मुळीच नाही. आधीच्या तक्रारी लाच देऊन दाबल्या गेल्या होत्या आणि तक्रार करणाऱ्यांनाच शिक्षा झाली होती. पण ‘संशय’ आणि ‘सिद्ध’ हे दोन शब्द वेगळे ठेवावेच लागतात. आकड्यापुढे यातला एक शब्द लिहिल्याशिवाय मी ओळ पुढे नेत नाही. घाई असलेले नवे लेखक मोठा आकडा उचलतात. खात्रीने ठरलेले ३८ जीव त्यांना कमी वाटतात, याचा मला संताप येतो.

ती माणसाचं मांस खायची, ही निव्वळ अफवा. निकालात तसं काही नाही.

तिचा शिरच्छेदही झाला नाही. १७६८ मध्ये तिला मॉस्कोच्या लाल चौकात तासभर खांबाला बांधून उभं केलं. ‘छळ करणारी आणि जीव घेणारी’ अशी पाटी लावली होती. नंतर जन्मभर मठात कैद, त्यातली पहिली अकरा वर्षं तळघरात.

तारखांचं एक सांगून ठेवतो. रशियात तेव्हा जुनं, म्हणजे ज्युलियन पंचांग होतं, आजच्या पंचांगाच्या मागे चालणारं. अठराव्या शतकातल्या तारखेत ११ दिवस मिळवावे लागतात, पण तिचा मृत्यू १८०१ मधला, तिथे १२. जुनी तारीख २७ नोव्हेंबर, म्हणजे नव्या पंचांगाने ९ डिसेंबर. एखाद्या लेखात ८ डिसेंबर दिसली, तर ११ कुठून आले ते ओळखा आणि त्या लेखातल्या बाकीच्या तारखाही पुन्हा मोजा.