गावातला जुना कॉम्प्युटर, मोबाइलचा हॉटस्पॉट आणि लिनक्सचं टर्मिनल: सॉफ्टवेअर टाकायचं, काढायचं, सांभाळायचं कसं

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट संपला. विंडोज ११ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप लागते, बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो, आणि आपल्याकडच्या ग्रामपंचायतीत, शाळेत, वाचनालयात जे डबे आहेत त्यांच्यात हे दोन्ही सहसा नसतं. म्हणून यवतमाळ-वाशीमकडच्या गावांत विंडोजऐवजी लिनक्स मिंट किंवा उबंटू (दोन्ही लिनक्सचेच फुकट प्रकार) टाकलेल्या मशीन आता दिसू लागल्या आहेत. टाकून देणारा टाकून देतो अन् निघून जातो. पुढे एखादं सॉफ्टवेअर हवं झालं की मेन्यूतलं दुकान उघडायचं, आणि ते दुकान चित्रं लोड करता करताच अर्धा डाटा खातं.

त्यापेक्षा टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, बरी. किती एमबी येणार, काय काय येणार, काय जाणार, हे ती आधी सांगते. दिवसाला दीड जीबी डाटा आणि लाइनचा भरवसा नाही अशा ठिकाणी हेच महत्त्वाचं.

सुरू करण्याआधी एक गोष्ट. खाली सगळे कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत, टाइप मात्र लहान इंग्रजी अक्षरांतच करायचे. सुडो म्हणजे एस-यू-डी-ओ, ऍप्ट म्हणजे ए-पी-टी. सुडोने पुढचा कमांड मशीनच्या मालकाच्या हक्काने चालतो, आणि ऍप्ट हा सॉफ्टवेअर आणणारा-काढणारा प्रोग्राम. शब्दांमध्ये एकेक स्पेस. टर्मिनल उघडायला कंट्रोल, ऑल्ट आणि टी एकदम दाबा.

यादी ताजी करा

सुडो ऍप्ट अपडेट

पासवर्ड विचारेल. टाइप करताना पडद्यावर काहीच दिसत नाही. कीबोर्ड बिघडलेला नाही, तसंच असतं. टाइप करून एंटर मारा.

अपडेट म्हटलं की सॉफ्टवेअर नवं होतं असा पुष्कळांचा समज आहे. तसं होत नाही. हे म्हणजे बाजार समितीत जाऊन भावफलक वाचण्यासारखं आहे: माल अजून जागेवरच. काय उपलब्ध आहे आणि कोणती आवृत्ती आहे याची यादी तेवढी मशीनवर येते. माल उचलायचा तो यानंतर:

सुडो ऍप्ट अपग्रेड

किती एमबी उतरणार ते सांगून हा वाय (हो) की एन (नाही) विचारतो. पहिल्यांदा करताना हा आकडा मोठा येतो. महिनोन्महिने बंद असलेल्या मशीनवर तर डोळे पांढरे होतील इतका. अशा वेळी एन दाबून थांबा आणि चांगली रेंज असलेल्या दिवशी करा. नेट मध्येच तुटलं तरी घाबरायचं कारण नाही. उतरलेलं राहतं, अर्धवट फाइलही बाजूला ठेवलेली असते, आणि तोच कमांड पुन्हा दिला की काम तिथून पुढे सुरू होतं.

जुन्या मशीनवर अपडेटलाच एक हमखास अडचण येते. 'रिलीज फाइल इज नॉट व्हॅलिड येट' असा संदेश दिसला की आधी कोपऱ्यातलं घड्याळ बघा. मदरबोर्डवरचा बटन सेल मेलेला असला की प्रत्येक वेळी लाइन गेल्यावर तारीख कितीतरी वर्षं मागे जाते. यादीवर सही आणि तारीख असते. मशीनच्या हिशेबाने ती यादी भविष्यातली ठरते, म्हणून ऍप्ट ती घेत नाही. नेट जोडून थोडं थांबलं की तारीख बहुधा आपोआप सुधारते. नाही सुधारली तर सेटिंगमध्ये जाऊन हाताने लावा. आणि सेल बदला. सीआर २०३२ नावाचा तो सेल घड्याळवाल्याकडेही मिळतो.

शोधणे, पाहणे, टाकणे

समजा शाळेतल्या पोट्ट्यांसाठी जीकॉम्प्री (जी-सी-ओ-एम-पी-आर-आय-एस) हवं आहे. अक्षरं, गणित, माउस धरायची सवय, असे लहान मुलांचे खेळ त्यात आहेत आणि ते फुकट आहे.

ऍप्ट सर्च जीकॉम्प्री

नावं आली की त्यातलं हवं ते निवडून:

ऍप्ट शो जीकॉम्प्री-क्यूटी

इथे डाउनलोड-साइज नावाची ओळ असते. पण ती एकट्या त्या पॅकेजची (पॅकेज म्हणजे सॉफ्टवेअरचं एक बांधलेलं गाठोडं). सोबत येणाऱ्यांची धरलेली नसते, आणि जीकॉम्प्रीची चित्रं-आवाज वेगळ्या डाटा पॅकेजमध्ये असल्यामुळे खरं ओझं तिकडेच आहे. पूर्ण हिशेब कळतो तो यानंतर:

सुडो ऍप्ट इन्स्टॉल जीकॉम्प्री-क्यूटी

आता थांबून वाचा. आधी येणाऱ्या पॅकेजांची नावं, मग 'नीड टू गेट' पुढे किती एमबी उतरणार, त्याखाली डिस्कवर किती जागा जाणार, आणि शेवटी वाय की एन. त्यातलं वाय मोठ्या लिपीत असतं, म्हणजे नुसतं एंटर मारलं तरी होकार धरला जातो. हॉटस्पॉटवर शिल्लक किती आहे ते मोबाइलमध्ये बघूनच एंटर मारा.

त्याच पडद्यावर 'विल बी रिमूव्हड' असं शीर्षक आलं तर एंटरवरचं बोट काढा. टाकायला सांगितलं आणि ऍप्ट काढायचं म्हणतंय, तर कुठेतरी गडबड आहे. २०२१ मध्ये कॅनडातला यूट्यूबर लायनस सेबॅस्टियन याने पॉप ओएस या लिनक्सच्या प्रकारावर स्टीम हे गेमचं सॉफ्टवेअर टाकताना हा इशारा ओलांडला. 'येस, डू ऍज आय से' हे पूर्ण वाक्य टाइप करा असं मशीनने सांगितलं, त्याने केलं, आणि अख्खा डेस्कटॉपच उडाला. दोष पॅकेजातला होता, पण यादी पडद्यावर होतीच. असं पूर्ण वाक्य टाइप करायला कधी सांगितलं, तर खिडकी सरळ बंद करा.

मराठी टायपिंगसाठी आयबस-एम१७एन हे पॅकेज टाका. लॉगआउट करून परत आलात की इनपुट मेथडच्या सेटिंगमध्ये मराठीचे कीबोर्ड दिसतात, त्यात इनस्क्रिप्टही आहे.

मिंटच्या दुकानात एकाच सॉफ्टवेअरचे कधी कधी दोन प्रकार दिसतात: सिस्टिम पॅकेज आणि फ्लॅटपॅक. फ्लॅटपॅक वाईट नाही, पण पहिल्यांदा टाकताना ते चालायला लागणारा सोबतचा संच, म्हणजे रनटाइम, शेकडो एमबी घेऊन येतो. गावात सिस्टिम पॅकेजच घ्या.

लाइन गेली तर

उन्हाळ्यात हे होणारच. 'दादा, अर्ध्यातच लाइन गेली, आता काही टाकूच देत नाही,' हा फोन मला ओळखीचा आहे. उतरवताना लाइन गेली असेल तर काहीच बिघडत नाही. बसवताना गेली तर पॅकेज अर्धवट राहतं. मशीन चालू करून हे दोन कमांड याच क्रमाने द्या:

सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए

सुडो ऍप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल

पहिल्यात डी-पी-के-जी, मग स्पेस, मग दोन आडव्या रेघा आणि कॉन्फिगर. बहुतेक वेळा पहिल्यानेच काम होतं. डीपीकेजी हा प्रत्यक्ष पॅकेज उघडून बसवणारा कामगार. ऍप्ट त्याच्या वरचा मुकादम, जो काय लागेल ते गोळा करून आणतो. १९९३ मध्ये इयन मर्डॉकने डेबियन सुरू केलं, ऍप्ट त्यात १९९९च्या २.१ आवृत्तीत आलं. उबंटू आणि मिंट दोन्ही याच घराण्यातले, म्हणून हे कमांड तिन्हीकडे चालतात. फेडोरा या दुसऱ्या घराण्यातल्या लिनक्सला ऍप्टऐवजी डीएनएफ लागतं, तिकडे हे लागू नाही.

दुसरा नेहमीचा संदेश म्हणजे 'कुड नॉट गेट लॉक'. मशीन स्वतःहून सुरक्षेचे अपडेट करत असली, किंवा मागे दुकान उघडं राहिलं असलं, की हा येतो. थोडं थांबा, एवढाच उपाय. लॉकची फाइल डिलीट करा असं सांगणारे व्हिडिओ पुष्कळ आहेत. ते ऐकू नका, कारण दोन प्रोग्राम एकदम लिहायला लागले तर पॅकेजांची नोंदवहीच खराब होते.

पेनड्राइव्हवर नेणे

शाळेत एकसारख्या दहा मशीन असतील आणि सगळ्यांवर मिंटची एकच आवृत्ती असेल, तर दहा वेळा उतरवण्यात अर्थ नाही. इथे ऍप्टऐवजी त्याचा जुना भाऊ ऍप्ट-गेट वापरा. ऍप्ट काम झालं की उतरवलेल्या फाइली पुसतो, ऍप्ट-गेट ठेवतो.

सुडो ऍप्ट-गेट इन्स्टॉल --डाउनलोड-ओन्ली जीकॉम्प्री-क्यूटी

फाइली व्हार, त्यात कॅश, त्यात ऍप्ट, त्यात आर्काइव्हज या फोल्डरमध्ये पडतात. शेवटी डॉट डेब असलेल्या तेवढ्या पेनड्राइव्हवर घ्या. दुसऱ्या मशीनवर एका फोल्डरमध्ये ठेवा, त्याच फोल्डरमध्ये टर्मिनल उघडा, आणि सुडो ऍप्ट इन्स्टॉल यापुढे स्पेस देऊन टिंब, तिरकी रेघ, तारा, टिंब, डी-ई-बी असं सलग लिहा. ज्या मशीनवर उतरवलं तिथेही नंतर नेहमीचा इन्स्टॉल द्यायचा आहे, कारण तिथे अजून काहीच बसलेलं नाही.

गावात नेट अगदीच तुटपुंजं असेल आणि तालुक्याच्या सायबर कॅफेत विंडोजच असेल, तरी जमतं. गावातल्या मशीनला एकदा हॉटस्पॉट देऊन यादी ताजी करा. मग:

ऍप्ट-गेट इन्स्टॉल --प्रिंट-यूआरआयज जीकॉम्प्री-क्यूटी

यूआरआयज म्हणजे यू-आर-आय-एस. हा काहीच उतरवत नाही, हव्या त्या प्रत्येक फाइलचा पत्ता तेवढा छापतो. ते पत्ते टेक्स्ट फाइलमध्ये कॉपी करा, कॅफेतल्या ब्राउझरमध्ये एकेक टाकून उतरवा, पेनड्राइव्हवर घरी आणा. फार दिवस जाऊ देऊ नका. मध्ये नवी आवृत्ती आली की जुना पत्ता ४०४ दाखवतो, म्हणजे फाइल तिथे सापडत नाही.

कॉम्प्युटर लॅनने जोडलेले असतील तर ऍप्ट-कॅशर-एनजी बघा. एका मशीनवर ते बसवून बाकीच्यांना तिकडे वळवलं की एकदा उतरलेलं पॅकेज सगळ्यांना आतल्या आतच मिळतं.

काढणे आणि झाडलोट

सुडो ऍप्ट रिमूव्ह आणि पुढे नाव. सेटिंगच्या फाइलीही नको असतील तर रिमूव्हऐवजी पर्ज. नंतर:

सुडो ऍप्ट ऑटोरिमूव्ह

कुणालाच न लागणारी पॅकेजं यात जातात, जुने कर्नलही (लिनक्सच्या गाभ्याच्या जुन्या आवृत्त्या) जातात. छोट्या डिस्कवर याने बरीच जागा मोकळी होते. इथेही यादी वाचूनच होकार द्या. ऍप्ट-गेटने साठलेल्या डेब फाइली सुडो ऍप्ट क्लीनने पुसल्या जातात, पण आधी पेनड्राइव्हवर घेतल्या का ते बघा.

मशीन दहा जण वापरत असतील तर कुणी काय टाकलं याचा वाद होतोच. व्हार, लॉग, ऍप्ट या फोल्डरमधली हिस्टरी डॉट लॉग उघडा. तारीख, वेळ, दिलेला कमांड, आलेली-गेलेली पॅकेजं, सगळं तिथे ओळीने लिहिलेलं असतं. कमांड कोणत्या युजरने दिला तेही बहुधा सापडतं, म्हणून प्रत्येकाला वेगळा युजर करून द्या आणि सुडोचा हक्क एकदोघांकडेच ठेवा.