मुलीचं वेगळं नाव ठेवताय? या चुका टाळा

नाव वेगळं हवं, दोन-तीन अक्षरीच हवं आणि उद्यापर्यंत हवं. या घाईत यादीतलं एखादं गोड नाव उचललं जातं आणि शेजारी छापलेला अर्थ कुणीच पडताळत नाही. सगळ्यात जास्त घोळ होतात ते इथेच.

‘मृण्मयी’चंच घ्या. नावांच्या याद्यांत या नावापुढे ‘हरिणासारखे डोळे असलेली’ असा अर्थ सर्रास सापडतो. तोच बारशाच्या पत्रिकेवर छापला जातो, आजी तोच पाहुण्यांना कौतुकाने सांगते. मग मुलगी आठवीत संस्कृत घेते आणि वहीत फोड येते: मृत् + मयी. घरातल्यांच्या छातीत धस्स होतं, कारण कानावर पडतं ते ‘मृत’. पाय मोडलेल्या त-चा ‘मृत्’ म्हणजे माती आणि पूर्ण त-चा ‘मृत’ म्हणजे मेलेला. मृण्मयी म्हणजे मातीची, मातीतून घडलेली. इतका सुंदर अर्थ हाताशी असताना इतकी वर्षं भलताच सांगितला गेला, याचं वाईट वाटतं. हरिणाच्या डोळ्यांचीच हवी असेल तर ‘मृगाक्षी’ आहे. ‘मृणालिनी’ म्हणजे कमळवेल, कारण मृणाल म्हणजे कमळाचा देठ, त्यातला तंतू. तिन्ही नावं ‘मृ’ने सुरू होतात म्हणून कुणीतरी एकाच माळेत ओवली, एवढंच. संधीच्या नियमाने हे नाव ‘मृन्मयी’ होतं, मराठीत ‘मृण्मयी’ रुळलंय. दोन्हींतलं एक आधीच ठरवा, नाहीतर शाळेत एक आणि दाखल्यावर दुसरं असं होतं.

यावर उपाय एकच, कोश उघडायचा. आपट्यांचा संस्कृत कोश आणि मोनियर विल्यम्सचा, दोन्ही जर्मनीतल्या कलोन विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतात. आधी नावाची फोड करा, मग दोन्ही तुकडे वेगवेगळे शोधा आणि पहिल्या अर्थावर न थांबता शेवटपर्यंत वाचा. ‘वामा’ म्हणजे सुंदर स्त्री हे खरं, पण ‘वाम’मध्ये डावा, वाकडा, उलट असे अर्थही आहेत. ‘मुग्धा’ म्हणजे निरागस, पण ‘मुग्ध’ आणि ‘मूढ’ हे दोन्ही शब्द ‘मुह्’ या एकाच धातूपासून आलेत. मुग्धा मी तरीही ठेवू देईन, मराठीत तिचा निरागसपणाच उरलाय. वामा नाही.

शब्द कोशात सापडलाच नाही, तर तो संस्कृत आहे असं लोकांना सांगू नका. ‘शनाया’पुढे ‘सूर्याचा पहिला किरण’ लिहितात, पण संस्कृतात असा शब्द नाही. ‘मायरा’ हे नाव फुल्क ग्रेव्हिल या इंग्रज कवीने आपल्या कवितेसाठी घडवलं, त्याचं निधन १६२८चं. ‘कियारा’ इटालियन धरलं तर तेजस्वी, आयरिश धरलं तर काळी. ‘अनाया’चा संबंध ‘अनय’शी लावाल तर कोशात अनीती आणि संकट असे अर्थ मिळतील. अरबी ‘इनाया’शी लावाल तर काळजी, जपणूक. नाव आवडलं असेल तर खुशाल ठेवा, फक्त त्याच्या खऱ्या मुळासकट ठेवा.

दुसरी मोठी चूक म्हणजे नाव आधी रोमन लिपीत ठरवणं. रोमनमध्ये त-ट, द-ड, न-ण, ल-ळ हे फरक पुसले जातात आणि ऱ्हस्व-दीर्घाला तर कुणी वालीच राहत नाही. ‘आरती’ म्हणजे ओवाळणं, पण संस्कृतात ‘आर्ति’ म्हणजे पीडा, दुःख. रोमनमध्ये दोन्ही एकसारखी लिहिली जातात. ‘आद्या’ म्हणजे पहिली, मूळची, आणि ‘अद्य’ म्हणजे आज. पृथ्वी या अर्थाचं नाव ‘उर्वी’ आहे, त्यातला उ ऱ्हस्व. ‘जाह्नवी’ जह्नूची मुलगी म्हणून ह आधी, न नंतर, मराठीत मात्र ‘जान्हवी’ लिहायची सवय. ‘ऋजुता’चा ऋ आपण ‘रु’ म्हणतो, हिंदी भाषक ‘रि’. ‘ज्ञानदा’चं तसंच, आपला ज्ञ ‘द्न्य’, त्यांचा ‘ग्य’. म्हणून नाव आधी कोऱ्या कागदावर देवनागरीत मोठं लिहा. रोमन स्पेलिंग त्यानंतर, एकदाच ठरवा आणि ते मराठी न येणाऱ्या माणसाला वाचायला द्या. त्याने तीनदा वेगवेगळं वाचलं तर स्पेलिंग बदला.

पुराणातलं नाव घेताना कथा वाचल्याशिवाय घेऊ नका. ‘निर्ऋती’ कानाला छान लागतं, पण ती नाशाची देवता. ‘मेदिनी’ म्हणजे पृथ्वी, पण कथेत ती मधु-कैटभ या दैत्यांच्या मेदापासून, म्हणजे चरबीपासून झाली. ‘शाल्मली’ म्हणजे सावरीचं झाड, माझ्या मते फार देखणं नाव. भागवतातल्या एका नरकाच्या नावातही ते येतं, पण तेवढ्यासाठी मी ते सोडणार नाही.

‘अंश’ आणि ‘अंशु’ एक नव्हेत. अंश म्हणजे भाग, अंशु म्हणजे किरण.

आई-बाबांच्या नावांची अक्षरं जोडून केलेल्या शब्दाला मागाहून अर्थ चिकटवू नका.

अंकशास्त्राचे आकडे जुळावेत म्हणून स्पेलिंगमध्ये जादा अक्षर घालणं तर नकोच. ते अक्षर ती मुलगी प्रत्येक अर्जावर जन्मभर समजावत बसते.

खरंच वेगळं हवं असेल तर ऋग्वेदातल्या ऋषिका पाहा: घोषा, विश्ववारा, लोपामुद्रा. किंवा ‘वल्लरी’ म्हणजे वेल, ‘अनघा’ म्हणजे निष्पाप, ‘शेफाली’ म्हणजे पारिजातक.

आणि घाई कशाला? जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते, पण ती नावाशिवायही होते. त्यानंतर १२ महिन्यांपर्यंत नाव विनाशुल्क घालता येतं, पुढे विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. एकदा नाव चढलं की १९६९च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातल्या कलम १५ खाली चूक दुरुस्त होते, पण विचार बदलला म्हणून नाव बदलून मिळत नाही. अर्जावर देवनागरी आणि रोमन दोन्ही नावं स्वतःच्या हाताने लिहा आणि दाखला मिळाला की खिडकीसमोरून हलण्याआधी वेलांटी-उकारासकट वाचून घ्या.