पवनेच्या काठी मुक्काम? या चुका टाळा

पवना धरणाच्या काठी बंगला शोधणारा माणूस आधी फोटोतलं पाणी बघतो, मग खोल्या किती ते, मग दर. घर धरणाच्या कोणत्या अंगाला आहे, हे विचारणारे फार थोडे. आल्यावर पाहुण्यांचे जे हाल होतात, त्यातले निम्मे इथेच ठरलेले असतात.

पवनेचं पाणी डोंगरांच्या खाचाखोचांत शिरलेलं आहे. समोरच्या काठावरचा दिवा हाक मारली तर ऐकू जाईल इतका जवळ वाटतो, पण तिथे गाडीने जायचं तर अख्ख्या जलाशयाला वळसा पडतो. नकाशावर अंतर बघून आखलेला बेत म्हणूनच फसतो. ठाकूरसाई, आंबेगाव, दुधिवरे या बाजूला उतरला असाल, तर लोहगड आणि विसापूर तुमचे. तिकोना पेठ, जवण या बाजूला असाल, तर तिकोना आणि हाडशीचं पांडुरंग मंदिर. मोरवे-चावसरकडे असाल, तर तुंग. "शनिवारी लोहगड-तिकोना, रविवारी तुंग, जाता जाता कार्ला" असा बेत घेऊन आलेली मंडळी रविवारी दुपारी कुठल्या तरी वळणावर हॉर्न वाजवत बसलेली दिसतात. दोन दिवसांसाठी एक गड आणि एक लेणं पुरे. उरलेला वेळ ओसरीवर काढा, पैसे त्याचेच दिले आहेत.

शनिवारी दुपारी लोणावळ्यातून येणं

मोबाइलने दाखवलेला रस्ता बहुतेक वेळा लोणावळ्यातून जातो, आणि पावसाळ्यात शनिवार-रविवारी लोणावळा तुंबलेलं असतं. भुशी धरण आणि लायन्स पॉइंटकडे जाणारी गर्दी त्याच रस्त्यावर असते. त्यापेक्षा जुन्या मुंबई-पुणे महामार्गाने कामशेतला या आणि तिथून पवनानगरचा फाटा धरा. काही किलोमीटर जास्त पडले तरी वेळ वाचतो. कोथरूड-बावधनकडच्या लोकांनी तर महामार्गाच्या वाटेलाच जाऊ नये. पौड, कोळवण, हाडशी, तिकोना पेठ हा रस्ता भातखाचरांतून येतो आणि घर तिकोन्याच्या बाजूला असेल तर सरळ दारात आणून सोडतो.

अंधार पडायच्या आत पोचा. दुधिवरे खिंडीत पावसाळ्यातलं धुकं असं उतरतं की बॉनेटच्या पुढचं दिसत नाही.

मे महिन्यात काठोकाठ पाणी मागणं

हे धरण पिंपरी-चिंचवडची तहान भागवतं आणि खालच्या गावांची शेती भिजवतं. ऑगस्टच्या सुमाराला ते भरतं, मग पाणी उतरत जातं, आणि मे संपेपर्यंत काठ बराच आत गेलेला असतो. जाहिरातीतला फोटो सप्टेंबरातला असतो, हे मालक सांगत नाही. "लेक-टच" म्हणून घेतलेल्या घरापुढे मे महिन्यात भेगाळलेली जमीन दिसली तर ती फसवणूक नव्हे, ऋतू आहे. पण बुकिंगच्या आधी "आत्ताचा फोटो पाठवा" एवढं म्हणायला काय हरकत आहे?

उन्हाळ्याची एक भरपाई मात्र आहे. धरणात वर्षातला बहुतेक काळ बुडालेलं वाघेश्वराचं जुनं दगडी मंदिर पाणी खूप खाली गेलं की उघडं पडतं. त्या आठवड्यांत मुक्कामाला असाल, तर ठरवलेलं सगळं बाजूला ठेवून ते बघा. वाट दरवर्षी बदलते, म्हणून गावातल्या कुणाला तरी सोबत घ्या.

पाण्यात उतरणं

ही चूक जिवावर बेतते. पाणी शांत दिसतं, लाटा नाहीत, ओढ नाही, त्यामुळे पोहता येणाराही निर्धास्त होतो. पण हा काही नैसर्गिक तलाव नाही. खाली बुडालेली शेतं आहेत, बांध आहेत, नदीचं जुनं पात्र आहे. गुडघाभर पाण्यातून चालता चालता पुढचं पाऊल एकदम खोलात जातं. गाळात रुतलेला पाय ओढून काढायला गेलं की तोल जातो आणि दुसरा पायही रुततो. वाचवायला उडी घेणाऱ्याचीही तीच गत होते. बुडालेल्यांना शोधायला लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रच्या पथकाला यावं लागतं, आणि तोवर वेळ निघून गेलेली असते.

कुणी बुडताना दिसलं तर स्वतः उडी न घेता दोरी, ओढणी, रिकामा बंद कॅन, जे तरंगेल ते फेका आणि ११२ वर फोन करा. कयाकमध्ये बसायचं असेल तर जॅकेटचे पट्टे आवळून बसा. नुसतं गळ्यात अडकवलेलं जॅकेट फोटोपुरतं असतं. दारू प्यालेल्या माणसाला काठावर एकटं सोडू नका, मग तो कितीही "मी ठीक आहे" म्हणो.

धबधब्यांचंही तेच. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणाच्या वरच्या ओढ्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. पाऊस वरच्या डोंगरात पडतो आणि खाली उभ्या असलेल्यांना पाणी वाढल्याचं कळतं ते ते अंगावर आल्यावर. त्यानंतर पावसाळ्यात जिल्हा प्रशासन पर्यटनस्थळांवर बंदी आणि वेळेचे निर्बंध घालतं. यंदाचे आदेश काय आहेत, हे निघण्याआधी बघा. नाक्यावर पोलिसांशी हुज्जत घालून उपयोग होत नाही.

आजीला तुंगावर आणि नातवाला चिक्कीच्या दुकानात नेणं

गड निवडताना लोक उंची बघतात. खरं तर वाट कशी आहे ते बघायला हवं.

लोहगडाला थेट वरपर्यंत पायऱ्या आहेत. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे चार दरवाजे ओलांडत माणूस वर जातो, आणि थांबत थांबत गेलं तर पासष्टीची माणसंही पोचतात. पण जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत जे बारा किल्ले गेले, त्यात हा आहे, आणि गर्दी आधीही कमी नव्हती. सकाळी उघडल्या उघडल्या जा. विंचूकाट्याच्या, म्हणजे गडाच्या लांब चिंचोळ्या सोंडेच्या, टोकावर निघालात तर वाऱ्याचा अंदाज घ्या.

तिकोना तासाभराचा चढ आहे. वाटेत चपेटदान मारुती भेटतो, पायाखाली राक्षसीण दाबलेला आणि हात उगारलेला. शेवटचा टप्पा मात्र उभ्या, उंच पायऱ्यांचा. चढताना दम लागतो तो परवडला, उतरताना गुडघे बोलतात. तीन-चार वर्षांच्या मुलाला कडेवर घेऊन ती पायरी उतरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. चालणारं, सांगितलेलं ऐकणारं मूल असेल तर खुशाल न्या.

तुंग लहान, पण दोन्ही बाजूंनी उघडा. पावसात घसरडा, आणि माथा अगदी छोटा. उंचीची भीती असलेल्याला तिथे "काही होत नाही रे" म्हणत ढकलू नका.

ज्यांना गडाचा चढ नको, त्यांच्यासाठी बेडशाची लेणी. कामशेत-पवनानगर रस्त्यावरून फाटा फुटतो आणि पायऱ्या चढून गेलं की बस्स. कार्ल्याला एकवीरेच्या दर्शनाची रांग असते, भाज्याला धबधब्याची झुंबड, म्हणून सगळे तिकडे जातात आणि बेडसे रिकामं राहतं. आत शिरताना दोन्ही बाजूंना न कोरलेला डोंगर तसाच ठेवलेला आहे. त्या अरुंद फटीतून पुढे आलं की एकदम उंच खांब समोर येतात. मान वर करा. खांबांच्या माथ्यावर घोडे, हत्ती, बैल आणि त्यांवर बसलेली जोडपी आहेत. कुणाच्या हातातलं कडं, कुणाच्या डोक्यावरचं बांधलेलं वस्त्र, दोन हजार वर्षं होऊनही ओळखू येतं. लेणं पूर्वाभिमुख आहे, त्यामुळे सकाळीच जावं. भाजे पश्चिमेकडे बघतं, तिथे दुपारनंतर. सकाळी भाजे आणि संध्याकाळी बेडसे असा उलटा क्रम लावला की फोटो काळे येतात आणि दोष कॅमेऱ्याला जातो.

जेवण ऐन वेळी सांगणं

इथल्या गावातल्या घरगुती खानावळी हॉटेलं नव्हेत. दुपारचं जेवण सकाळी नऊच्या आत सांगा आणि माणसं मोजून सांगा. बाराला फोन करून "दीडपर्यंत दहा ताटं" म्हटलं की समोरची मावशी हो म्हणते खरी, पण मग गावठी कोंबडी अर्धकच्ची राहते आणि इंटरनेटवर वाईट शेरा पडतो. चुलीवरची भाकरी, पिठलं, ठेचा हे बिनघोर मागवा. मासा हवा असेल तर धरणातली चिलापी किंवा रोहू आज मिळाला का, ते विचारा. सुरमईचा हट्ट समुद्रकाठी करावा.

विकत न्यायचं काही असेल तर चिक्कीऐवजी इंद्रायणी तांदूळ न्या. हे मावळचं पीक आहे. भात शिजताना घरभर वास येतो. केअरटेकरला विचारलं तर तो बहुतेक वेळा आपल्याच नाहीतर शेजाऱ्याच्या घरचा आणून देतो.

बेत फिसकटला तर

रेंज गेली: डोंगराआड अनेक जागी ती जातेच. घराचं ठिकाण, केअरटेकरचा नंबर आणि नकाशा निघण्याआधीच मोबाइलमध्ये उतरवून ठेवा.

गाडी चिखलात रुतली: काठापर्यंत गाडी नेण्याचा मोह हे त्याचं मूळ. चाक गरगर फिरवत राहिलात तर आणखी खाली जाईल. खाली दगड नाहीतर गवत घाला, नाही जमलं तर गावातून ट्रॅक्टर बोलवा, आणि त्याचे पैसे घासाघीस न करता द्या.

दिवसभर पाऊस कोसळतोय: गडाचा नाद सोडा. दुधिवऱ्याचं प्रति पंढरपूर मंदिर किंवा हाडशी, जे आपल्या बाजूला असेल ते.

रात्री पोलीस दारात आले: स्पीकर बंद करा. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला मनाई आहे, आणि पाण्यावरून आवाज पलीकडच्या गावापर्यंत जातो. तिथे पहाटे उठून धारा काढणारी माणसं झोपलेली असतात.

रविवारी परत निघायचंय: दुपारी बाराच्या आत निघा, नाहीतर सरळ रात्रीचं जेवण करून. संध्याकाळी चार ते आठ या वेळात निघणाऱ्याला कुठलाच जवळचा रस्ता सांगून उपयोग नाही.